भोकांमधलं वृंदावन

पांढऱ्या चादरीवर पसरला तर तो दिसतच नाही. मी पिशवीतून काढून पलंगावर ठेवला तेव्हा आई दारातूनच म्हणाली, "हे काय आणलंस? उंदराने कुरतडलेला कागद दिसतोय." तिचं अगदीच चुकलं नव्हतं. मी हाताशी होती ती काळी ओढणी त्याच्याखाली सरकवली. मग आई आत आली, चष्मा लावला आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

वीतभर रुंद, दीड वीत उंच असा एकसंध कागद. मधोमध कदंबाचं झाड. झाडाखाली एका पायावर भार देऊन आणि दुसरा पाय आडवा टेकवून उभा असलेला बासरीवाला. त्याच्या शेजारी मान वर केलेली गाय. फांद्यांवर समोरासमोर दोन मोर, वरच्या कोपऱ्यात फळ खाणारं माकड, खाली यमुना आणि चारी कडांना जाळी. रंग कुठेच नाही. पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. कात्रीने जे काढून टाकलं त्याच्यामुळे हे सगळं दिसतंय. जे काढलं ते मथुरेत कुणाच्या तरी पायाशी पडलं असेल आणि संध्याकाळी केराबरोबर गेलंही असेल.

या कागदाला तिकडे खाका म्हणतात, आणि त्याच्यातून जी कला उमटते तिला सांझी. मथुरा-वृंदावनच्या देवळांतली ही जुनी परंपरा. कागदात चित्र कोरायचं, तो कागद सपाट जमिनीवर ठेवायचा, वरून रंगाची कोरडी पूड चाळायची आणि कागद उचलायचा. ऐकायला बालवाडीतल्या हस्तकलेच्या तासासारखं वाटतं. मलाही वाटलं होतं.

खाका हा शब्द मला पहिल्यापासून आवडतो. 'जळून खाक' मधली खाक आपल्या ओळखीची आहे. फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. धुळीच्या रंगाची म्हणून खाकी. आणि आराखड्याला खाका म्हणायचं कारणही धूळच. जुने चित्रकार कागदावर आकृती काढत, तिच्या रेघांवर सुईने बारीक टोचे मारत आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटत. खालच्या पृष्ठभागावर ठिपक्यांची आकृती उतरे, मग ती जोडून चित्र रंगवायचं. जरदोजीचे कारागीर आजही कापडावर नक्षी अशीच उतरवून घेतात. चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत सापडलेले, बुद्धाच्या आकृतीभोवती टोचे मारलेले हजारएक वर्षांपूर्वीचे कागद लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेले आहेत. म्हणजे पूड आणि भोकाचा कागद ही जोडी फार जुनी आणि फार दूरवर पसरलेली. पण या सगळ्या ठिकाणी पूड हरकाम्या असते. चित्र उभं राहिलं, भरतकाम पुरं झालं की ती पुसून टाकायची. सांझीत मात्र तीच पूड पाटावर येऊन बसते. तिच्यावर पुढे कुणी रंगवत नाही, टाके घालत नाही. पूड हेच चित्र.

कागद विकत घेतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. दुकानात मी तो उजेडाकडे धरून बघत होते. दुकानदाराने एक शब्द न बोलता माझ्या हातून घेतला, पालथा केला आणि परत दिला. मी बघितलं, तर बासरी आता दुसऱ्या बाजूला गेलेली. कृष्ण बासरी धरतो ती स्वतःच्या उजव्या अंगाला, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. मी मघापासून डावखुरा कृष्ण बघत होते. भोकांच्या कागदाला दोन्ही बाजू सारख्याच असतात असं मी धरून चालले होते. तशा त्या असतातही, फक्त देवाला त्यातली एकच चालते.

आता कागद जवळून बघू या.

असा कागद कापण्यात एकच मोठी अडचण असते आणि तिच्यातूनच सगळी करामत सुरू होते. मधला तुकडा सुटून पडतो. 'व' हे अक्षर कापून बघा. पोटातला गोल टिकत नाही, खाली गळतो. तो टिकवायचा असेल तर कुठेतरी कागदाची बारीक पट्टी सोडून त्याला बाहेरच्या कागदाशी बांधून ठेवावं लागतं. रेल्वेच्या डब्यांवर, धान्याच्या पोत्यांवर, ट्रकच्या फाळक्यांवर पत्र्याच्या छापाने रंगवलेली अक्षरं पाहिली असतील. मध्येच तुटल्यासारखी दिसतात ती या पट्ट्यांमुळे. तिथे कुणाला त्याचं काही वाटत नाही. पोत्यावरचं वजन कळलं की झालं. पण बासरीवाल्याच्या कमरेतून अशी तुटकी पट्टी गेली तर?

म्हणून वेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या लोकांना मोकळी जागा सहनच होत नाही. झाडावरून वेल, वेलीवरून फूल, फुलावरून पुन्हा वेल. चित्र गच्च भरलेलं. मग मी एक वेल बोटाने धरून तिच्यामागे जात राहिले. ती जाळीच्या डाव्या कडेतून निघते, कदंबाच्या बुंध्याला एक वेढा घेते आणि बासरीवाल्याच्या कोपराला स्पर्श करून पुढे जाते. हा स्पर्श आहे म्हणून त्याचा हात हवेत आहे. मोरपिसाच्या टोकाला एक पान टेकलंय, म्हणून मुकुट उभा आहे. माकडाची शेपटी फांदीला आणि फांदी वरच्या जाळीला. कारागिराने जिथे जिथे टेकू द्यायचा, तिथे तिथे रोप लावलंय. वृंदावनात झाडंझुडपं उगवायला याहून व्यवहारी कारण दुसरं सापडणार नाही. वेली काढल्या तर कृष्ण खाली पडेल.

यमुनेची गंमत अजून वेगळी. पाणी दाखवायला आडव्या, लांब, लाटांच्या फटी कापल्या आहेत. लांब फट म्हणजे कागदाला धोका. दोन फटींमधली पट्टी जिभेसारखी लोंबते, पूड टाकताना हलते आणि रंग खाली पसरतो. दर दोन-तीन बोटांवर तिला आधार हवा. इथे वेल लावता येत नाही, पाण्यात वेल कशी येणार? कारागिराने मासे टाकले. प्रत्येक मासा एका फटीच्या आरपार तिरका पडलाय, शेपूट खालच्या पट्टीला आणि तोंड वरच्या पट्टीला जोडून. लांबून नदीत मासे खेळताना दिसतात. जवळून मासे नदी धरून बसलेत. एका ठिकाणी कासव आहे. तिथली फट जास्त रुंद झाली असावी, मासा पुरला नसावा.

पण जिच्यासाठी मी हा कागद घेतला ती गाय. तिचं अंग सलग कागदाचं आहे, पाठीवर फुलांची झूल कापलेली. डोळा म्हणजे बदामाच्या आकाराचं भोक. या भोकात बुबुळ हवं. बुबुळ म्हणजे मोहरीएवढा कागदाचा ठिपका, आणि तो अधांतरी राहणार नाही. कुठेतरी बांधायलाच हवा. खालच्या पापणीला बांधला असता तर गाय पेंगुळलेली, जमिनीकडे बघणारी झाली असती. दोन्हीकडे बांधला असता तर मांजराच्या डोळ्यासारखी उभी चीर आली असती. कारागिराने तो वरच्या पापणीला लोंबता ठेवलाय, पानावरून पडू घातलेल्या थेंबासारखा. त्यामुळे गाईची नजर वर गेली. वर बासरी आहे.

हे मला दुकानात कळलं नव्हतं. घरी ओढणीवर ठेवल्यावर आईनेच म्हटलं, "बघ कशी ऐकतेय." ती बघतेय असं आई म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. बघणाऱ्याची मान एवढी वर जात नाही. मोहरीएवढा ठिपका सुटून पडू नये एवढीच खरी गरज होती. त्या गरजेतून गाईचं सगळं ऐकणं आलं. काव्यात यमकाची अडचण कवीला कधी कधी नको असलेल्या शब्दाकडे ढकलते, आणि तोच शब्द कवितेचा प्राण होऊन बसतो. तसलंच काहीतरी हे.

दोषही सांगून टाकते. कडेची जाळी मला जरा जास्त वाटते. षटकोन, त्यात चांदण्या, चांदण्यांत पुन्हा ठिपके. मधलं झाड जितकं सैल, वाऱ्यावर असल्यासारखं आहे, तितकी ही चौकट कडक इस्त्रीची. उजव्या बाजूचे पोपट तर भरतीला आणलेले आहेत. मोर मात्र तसे नाहीत. आधी वाटलं कागदाला घडी घालून दोन्ही एकदम कापले असतील, आपण पताका कापतो तसे. पिसाऱ्यातले डोळे मोजले तर डावीकडे नऊ, उजवीकडे आठ. घडी नव्हती. हात दोनदा चाललाय आणि दुसऱ्यांदा थोडा कंटाळलाय.

हात चालतो म्हणजे कसा, तर कात्री छोटी असते, नेहमीच्या शिवणाच्या कात्रीच्या निम्मीही नाही. टोकाने कागद टोचायचा आणि आतून कापत जायचं. कात्री जवळजवळ स्थिर, फिरतो तो कागद. आधी सगळ्यात बारीक, आतल्या जागा, कारण कागद सबंध असतो तोवरच तो ताण सोसतो. मोठ्या जागा शेवटी. म्हणजे कृष्णाच्या गळ्यातल्या माळेचे मणी आधी होतात आणि कृष्ण नंतर. हातकागद बरा, कारण त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि तो सहजासहजी फाटत नाही. देवळांमधून असे खाके पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेले आहेत.

प्रत्यक्ष सांझी मी एकदाच पाहिली, वृंदावनात, पितृपंधरवड्यात. आपल्याकडे तो भाद्रपद वद्य. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तोच पंधरवडा तिथे आश्विनात जातो. दिवस तेच. आपण या दिवसांत नवी साडी नेसत नाही, घराचा व्यवहार बोलत नाही, कावळ्याची वाट बघतो. तिकडे याच दिवसांत मुली संध्याकाळी भिंतीवर शेण आणि फुलांची सांझी काढतात. माळव्यात, निमाडात तिला संजा म्हणतात. इंदूरकडच्या मराठी घरांना ती चांगली ठाऊक आहे. आमच्या आईचं माहेर खानदेशातलं. संजाची गाणी ऐकून ती म्हणाली, "ही तर आमच्या गुलाबाईची बहीण." भाद्रपदातली पोरींची संध्याकाळ, गाणी, सासर-माहेरची थट्टा आणि शेवटी खाऊ ओळखायचा. नातं मी सिद्ध करू शकत नाही, पण सातपुडा ओलांडला की संपावं असंही ते दिसत नाही.

भिंतीवरचा हा पोरींचा खेळ देवळात आला तो राधेच्या नावाने. राधा सख्यांबरोबर फुलं गोळा करून संध्याकाळी नक्षी मांडायची आणि कृष्ण मुलीचा वेष घेऊन तिला मदत करायला यायचा, अशी तिथली कथा. फुलांच्या जागी पूड आली, बोटांच्या जागी खाका. राधारमण मंदिरात आणि भट्टजींच्या मंदिरात एकादशीपासून अमावास्येपर्यंत रोज नवी सांझी होते. राधारमण मंदिराची परंपरा ज्या गोपाळ भट्ट गोस्वामींपासून सुरू होते ते मूळचे श्रीरंगमचे. ज्या प्रदेशात पहाटे प्रत्येक दारापुढे तांदळाच्या पिठाचं कोलम पडतं, तिथून आलेल्या माणसाच्या देवळात जमिनीवरच्या पुडीला एवढा मान मिळावा, हा योगायोगही असेल. मला मात्र तो तसा सोडून द्यावासा वाटत नाही.

वृंदावनात माकडं चष्मे पळवतात. खाऊ दिल्यावर परत करतात, पण तेवढा धीर कुणाला? मी चष्मा पिशवीत टाकून देवळात शिरले. त्यामुळे पहिलं दर्शन झालं ते धूसर. जमिनीपासून थोडा उंच, अष्टकोनी मातीचा ओटा आणि त्यावर अंथरलेला गालिचा, असंच वाटलं. कुणी गालिचा का अंथरला असेल असा विचार करत मी पुढे गेले, चष्मा काढून लावला, आणि गालिच्याला कण फुटले. सगळी पूड होती. एकात एक अडकलेल्या पट्ट्या, त्यांच्या आत वेलींची चौकट, आणि अगदी मध्यभागी छोटीशी लीला. एकेका रंगाला वेगळा खाका. आधी अंगाचा निळा, त्यावर पीतांबराचा पिवळा, त्यावर दागिन्यांचे ठिपके. प्रत्येक वेळी कागद आधीच्या पुडीला धक्का न लावता नेमक्या जागी टेकवायचा. केसभर चुकला तर पीतांबर गुडघ्यावरून सरकतो. जवळ बसून पाहिलं तरी बोटाची खूण कुठे नव्हती. ज्याने काढलं त्याचा हात चित्राला एकदाही लागलेला नव्हता.

रांगोळीत असं नसतं. आपल्याकडे गालिचा रांगोळी काढणारे, व्यक्तिचित्रं काढणारे कसबी लोक आहेत. लेक कलर रांगोळीत मिसळून ते गालावरचा उजेडसुद्धा पुडीतून काढतात. पण तिथे चिमूट थरथरली की कळतं, कुठे हात भरून आला तेही कळतं. पाच बोटांनी एकदम सोडलेल्या संस्कार भारतीच्या रेघेत तर दंडाची सगळी ताकद दिसते. सांझीत छटा नाहीत. निळा तो निळा, इथून तिथून सारखा. तरीही ती सपाट वाटत नाही, कारण पूड कागदाच्या कडेशी थोडी दाट साठते आणि कागद उचलल्यावर त्या कडेला केसाएवढी उंची राहते. समईच्या उजेडात त्या उंचीची सावली पडते. चित्राला बाहेरून रेघ मारावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पाहावं तर ओटा पुन्हा रिकामा. कालची पूड यमुनेत.

आमच्याही घरी एक खाका होता. त्याला आम्ही ठिपक्यांचा कागद म्हणायचो. जुन्या कॅलेंडरच्या पानावर आई पट्टीने चौकटी आखायची आणि पेटलेल्या उदबत्तीने प्रत्येक छेदावर एकेक भोक पाडायची. उदबत्तीचं कारण असं की सुईचं भोक बुजतं, जळलेलं बुजत नाही. कडा काळसर, टणक होते. दिवाळीत तो कागद अंगणात अंथरायचा, त्यावर मूठभर रांगोळी टाकून तळव्याने फिरवायची आणि एकीने या बाजूने, एकीने त्या बाजूने धरून उचलायचा. पंधरा ते पंधरा ठिपके क्षणात. पत्र्याचे लक्ष्मीच्या पावलांचे छापे नंतर आले, त्यानंतर प्लास्टिकच्या जाळ्या. पाण्यावरची रांगोळीही आई काढायची. परातीत पाणी, त्यावर आधी कोळशाची वस्त्रगाळ पूड, म्हणजे वरची रांगोळी बुडत नाही. वृंदावनातली जलसांझी मी पाहिलेली नाही, पण ती पाण्यावर तरंगते आणि पाण्याखालीही काढतात हे सांगितल्यावर आई म्हणाली, "मग त्यात काय! पाण्याखालची तर आमच्या शेजारीण काकू काढायच्या. ताटाला मेण लावून."

तेव्हा आईलाच म्हटलं, चल, हा खाका वापरून बघू.

रांगोळी घरात होतीच, पण ती चालेना. आपली रांगोळी शिरगोळ्याची, जरा भरड हवी असते. भरड असली तरच चिमटीतून धारेने सुटते. खाक्याच्या बारीक भोकातून ती दाणा दाणा अडते आणि मण्यांच्या जागी एकेक टेकडी उभी राहते. मग आईने जुन्या मलमलच्या दुपट्ट्यातून रांगोळी दोनदा चाळली, लेक कलर घातला, पुन्हा चाळली. त्याच दुपट्ट्याच्या तुकड्यात पुडीची सैल पुरचुंडी बांधली. ती हातात धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने वरून टिचक्या मारायच्या. पूड धुक्यासारखी खाली येते.

पहिला प्रयत्न पंख्याने उधळला. "अगं, आधी पंखा बंद कर!" हे आई ओरडेपर्यंत यमुना सोफ्यावर गेली होती. दुसऱ्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, पण पाऊस पडून गेलेला. कागदाने दमट हवा ओढून घेतली आणि एक कोपरा वर वळला. त्या कोपऱ्याखाली हिरवा रंग गेला आणि माकड झाडासकट शेवाळलं. पुडीची हीच खोड आहे. ती कुठेही जायला तयार असते, तिला थांबवणं हे सगळं काम कागदाचं.

तिसऱ्यांदा आम्ही शहाण्या झालो होतो. स्वयंपाकघराची शहाबादी फरशी पुसून, कोरडी करून घेतली. कडेच्या जाळीवर चार बाजूंनी वाट्या ठेवल्या. आणि तिथे मला कळलं की मी नावं ठेवलेली ती कडक चौकट कशासाठी आहे. ती रुंद होती म्हणून वाट्या ठेवायला जागा होती. चौकट नसती तर मधलं सगळं सैल वृंदावन तरंगलं असतं. पोपटांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

एकच खाका असल्यामुळे रंग वेगळे ठेवायला आम्ही वर्तमानपत्राचे कपटे वापरले. झाडावर हिरवा टाकताना नदी झाकायची, नदीवर निळा टाकताना झाड. मोरांच्या पिसाऱ्यात आईने हट्टाने जांभळा घातला. गाईच्या झुलीत कुंकवाचा लाल. डोळ्याच्या भोकावर मी नुसती पांढरी पूड टाकली, दोन टिचक्या, जास्त नाही.

उचलण्याचं काम दोघींचं. ठिपक्यांच्या कागदासारखंच, एक इकडे, एक तिकडे. कागदाच्या अंगावर आता रंगाचा ढीग होता, आणि तो जरा कलला असता तर सगळा ढीग चित्रावर आला असता. सरळ वर, एकाच वेळी, श्वास धरून. आई "हं" म्हणाली आणि आम्ही उचलला.

खाली जे होतं ते आम्ही तासभर ज्याच्यावर वाकलो होतो ते नव्हतं. कागदात जे पांढरं होतं ते आता फरशीचं काळसर करडं झालं होतं. गाय शहाबादी झाली होती, काळी गाय, लाल झुलीची. डोळ्यात पांढऱ्यावर काळा थेंब, वर बघणारा. आणि बासरीवाल्याच्या अंगावर तर एक कणही पडला नव्हता. त्याचं अंग कागदात सलग होतं, म्हणून खाली नुसती फरशी. सभोवती हिरवा, निळा, जांभळा, लाल, आणि मध्ये उभं होतं ते जिथे रंग पोचला नाही ते. देवळात त्याला निळा रंग वेगळ्या खाक्याने देतात, मी पाहिला होता. पण इथे, एकाच कागदाच्या गरिबीत, तो आपोआप सावळा झाला होता. हे कारागिराने योजलं होतं का, मला माहीत नाही. मी फरशी पांढरी घेतली असती तर वेगळं झालं असतं. आई काही बोलली नाही. तिने देवघरातलं निरांजन आणून बाजूला ठेवलं.

रात्री झोपण्यापूर्वी तिनेच केरसुणी घेतली. मी म्हटलं, सकाळपर्यंत राहू दे. "पाय पडेल कुणाचा," म्हणाली. सगळे रंग मिळून मातकट करडा झाला. मी तो सुपलीत भरून तुळशीकडे निघाले, तर म्हणाली, "तुळशीत नको, केमिकल आहे त्यात."

या कागदांना हल्ली बरे दिवस आलेत. 2010च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांची खेळचिन्हं सांझीच्या वळणाची होती. 2022मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना ठकुरानी घाटाचं दृश्य कोरलेली सांझी भेट दिली. 2025मध्ये मथुरेच्या सांझीला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच आहे. कात्री चालवणाऱ्यांना काम मिळतं. दिव्यांच्या शेड, लग्नाच्या पत्रिका, भिंतीवरच्या चौकटी, सगळीकडे खाका दिसतो. जिथे लेसरने कापलेले स्वस्त नमुने मिळतात तिथे मी गाईचा डोळा बघते. बहुतेकांत बुबुळ वर-खाली दोन्हीकडे बांधलेलं असतं, मजबुतीसाठी. गाय दचकलेली दिसते. आणि फ्रेममध्ये गेलेल्या खाक्याकडे पाहताना मला गाणं संपल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला तानपुरा आठवतो. सुंदर असतो, यात शंका नाही.

तरीही मी माझा कागद फ्रेम करायला घेऊन गेले. आईचीच इच्छा होती. झटकून, चिमट्याने दोरीवर टांगून घेतला होता तरी नदीच्या फटींच्या कडांना निळा धरून बसला होता, आणि माशांच्या पाठीवर. फ्रेमवाल्याने कागद उलटसुलट केला, उजेडाकडे धरला.

"डाग पडलेत याच्यावर, ताई. मागची बाजू स्वच्छ आहे. ती वर घेऊ?"

मागची बाजू वर घेतली की बासरी दुसऱ्या अंगाला जाते. मी कागद परत मागून घेतला आणि पिशवीत ठेवला.